भट्टीत जोडलेली तीन थरांची सुरी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या सुरीचं शेवटचं घासकाम चाललं होतं. 400 नंबरचा पेपर पाण्यात बुडवून पात्यावर फिरवत होतो, तेवढ्यात टोकापासून तीन बोटांवर केसासारखी काळी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून घासत राहिलो, तर रेघ लांबतच गेली. नख फिरवलं, ते अडकलं. थर तिथे जुळलेच नव्हते. चार रविवारांची मेहनत होती ती.

ते पातं घेऊन मी गावी, कागल तालुक्यात, आमच्या लोहारमामांकडे गेलो. कुऱ्हाडीच्या तोंडात पोलाद घालून देणारे जे थोडे लोहार उरलेत, त्यातले ते एक. त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, रेघेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "घासलं हुतंस का आतनं?" मी म्हटलं, वरवर घासलं होतं. "आनि ताव? आतपतोर गेला हुता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी पिवळा रंग दिसताच बाहेर काढून जोरात हाणलं होतं.

तेव्हापासून सहा वर्षं हे काम करतोय, आणि नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण याच दोन ठिकाणी अडकताना पाहतोय. जोड लागतो तो घासण्यात आणि तावात, म्हणजे भट्टीतल्या तापवण्यात. हातोड्याचं काम त्यानंतरचं, आणि तेही हलक्या हाताचं. पहिल्या दहा मिनिटांत राहिलेली चूक पुढच्या कुठल्याच पायरीवर दुरुस्त होत नाही, म्हणून हा लेख सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त रेंगाळणार आहे.

1. काय करायचं ते आधी ठरवा

पहिलं पातं तीन थरांचंच करा: मधे कडक पोलादाचा गाभा, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. जपानमध्ये याला 'सानमाई' म्हणतात. आपल्याकडच्या कुऱ्हाडीचं तत्त्वही हेच. धार पोलादाची, अंग लोखंडाचं. त्यामुळे धार टिकते आणि पातं सहसा तुटत नाही. शिकणाऱ्याचा फायदा वेगळाच आहे. इथे जोडायच्या फक्त दोन फटी असतात. कुठे चुकलं तर लगेच सापडतं.

शेकडो थरांच्या लाटालाटांच्या नक्षीचं, ज्याला बाजारात 'दमास्कस' म्हणतात, त्याचा मोह आत्ता आवरा. एक गोंधळही इथेच दूर करतो. इतिहासातलं नावाजलेलं दमास्कस पोलाद थर जोडून केलेलं नव्हतं. ते मुशीत वितळवून केलेलं वूट्झ पोलाद. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक मोठं ठिकाण. त्याची नक्षी पोलादाच्या आतून उमटायची. आज आपण थर जोडून जी नक्षी काढतो, ती वेगळी कला आहे.

माप: पातं 6 इंच, रुंदी दीड इंच, स्वयंपाकघरातली सुरी. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आणि तत्सम हत्यारं परवान्याच्या यादीत येतात; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी केलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. घरगुती सुरी करा आणि ती सुरीसारखीच दिसू द्या. खंजीर, कट्यार असले आकार टाळा.

2. पोलाद

गाभ्यासाठी 1084 किंवा 1080 या ग्रेडच्या पोलादाची 4 मिमी जाड पट्टी घ्या. 1084 मध्ये कार्बन साधारण 0.84 टक्के असतो आणि दुसरी भानगड फारशी नसते, म्हणून ते सहज जोडलं जातं आणि साध्या तेलात कडक होतं. दोन्ही बाजूंना साधी एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंडाची) पट्टी, 5 मिमी जाड. तिन्ही तुकडे 32 मिमी रुंद आणि 120 मिमी लांब कापा. बिल घ्या आणि त्यावर ग्रेड लिहून घ्या. पुढे पाणी देताना, म्हणजे पातं तापवून झटकन निववून कडक करताना, कुठलं तापमान धरायचं, ते त्या एका ओळीवर ठरतं.

भंगारातल्या पोलादाबद्दल सगळे विचारतात. गाडीच्या पाट्यात सिलिकॉन बरंच असतं आणि कार्बन कमी; त्याचा कोयता उत्तम होतो, पण पहिल्या जोडाला ते नको. बेअरिंगचं पोलाद, म्हणजे ईएन 31, त्यात दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. तापताना त्याच्यावर बसणारा थर तो हटवायला वापरतात त्या टाकणखारानेही लवकर हटत नाही. जुनी कानस चालते, पण काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात आणि आतून मऊ लोखंड असतं. पातं तयार झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणि गॅल्व्हनाइज केलेलं काहीही भट्टीजवळ आणू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. थप्पीला, म्हणजे एकावर एक रचलेल्या तिन्ही तुकड्यांना, दांडा म्हणून जोडायची सळई घेतानाही हे पाहा.

3. साहित्याची यादी

- भट्टी: कोक आणि ब्लोअरची, किंवा गॅसची. गॅसची असेल तर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि हाय प्रेशर रेग्युलेटर. घरगुती सिलिंडर या कामाला वापरता येत नाही.
- ऐरण, आणि खाली पक्का लाकडी ओंडका.
- एक ते सव्वा किलोचा हातोडा, पट्टी नीट धरणारी सांडशी.
- टाकणखार अर्धा किलो, तारेचा ब्रश.
- अँगल ग्राइंडर, 60 नंबरच्या फ्लॅप डिस्क, कानशी, पेपर 120 ते 800.
- लोहचुंबक, खाद्यतेल चार-पाच लिटर, झाकणाचा उभा पत्र्याचा डबा.
- चष्मा, चामडी ॲप्रन, धुळीचा मास्क, अंगभर सुती कपडे, बंद बूट, वाळूची बादली.

ऐरणीसाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणा, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. बिलाशिवाय आणू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम 1966 खाली नुसता जवळ सापडला तरी गुन्हा होऊ शकतो. मी भंगारवाल्याकडून चार इंची भरीव पोलादाचा ठोकळा वजनावर घेतला आणि उभा पुरला. काम अगदी चोख होतं.

गॅसच्या भट्टीत आतून सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारं लोकरीसारखं अस्तर) असेल तर तळाला हाय ॲल्युमिनाचं कास्टेबल, म्हणजे उष्णता सोसणारं सिमेंटसारखं लिंपण, लिंपा. वितळलेला टाकणखार वूलला भराभर खातो. वूलचे तंतू फुप्फुसाला वाईट, त्यामुळे ते उघडं ठेवूच नका. भट्टी मोकळ्या जागेत हवी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास.

4. घासणं (एक अख्खी सकाळ ठेवा)

एम.एस. पट्टीवर काळी खपली असते, तिला आमच्याकडे कीट म्हणतात. ती फ्लॅप डिस्कने पूर्ण काढा. जिथे जोड येणार ते चारही पृष्ठभाग आरशासारखे नकोत, पण एकसारखे पांढरे चकचकीत हवेत. कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग राहिला तर तिथेच जोड सुटणार हे धरून चाला.

मग सपाटी. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा घासा. डिस्कने कडा जास्त खाल्ल्या जातात आणि पट्टी मधे फुगीर राहते, ही नेहमीची गोष्ट आहे. ते टाळायला शेवटचा हात काचेवर चिकटवलेल्या 60 नंबरच्या पेपरावर मारा. पट्टी फिरवून फिरवून घासा. ओरखडे सगळीकडे सारखे दिसले की सपाटी आली.

थिनरने पुसा. त्यानंतर बोटं लावू नका. थप्पी रचून, व्हाइसमध्ये घट्ट आवळून, लगेच नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चारही कडांना वेल्डिंगचे टाके मारून घ्या आणि एका टोकाला दोन फुटी सळई लावून घ्या. "उद्या या" म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. पावसाळ्यात आमच्याकडे घासलेल्या लोखंडावर रात्रीत तांबूस झाक येते.

5. टाकणखाराची लाही

किराणा दुकानातला टाकणखार तसाच टाकला तर त्यातलं पाणी उकळून तो फसफसतो आणि निम्मा भट्टीत सांडतो. म्हणून आधी लोखंडी तव्यावर भाजून त्याची लाही करा. आज्या औषधाला करायच्या तशीच: फुगून पांढरी, हलकी होते. कुटून कोरड्या बरणीत भरा. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली तर ती पुन्हा ओल धरते. तवा स्वयंपाकाचा नको.

6. जोडाचा ताव

थप्पी भट्टीत घाला आणि लालसर झाली की बाहेर काढून चारही कडांच्या फटींवर लाही भुरभुरवा. ती लगेच वितळून तुपासारखी पसरते आणि फटीत ओढली जाते. पुन्हा आत घाला.

आता थांबायचं. जोडाला 1200 ते 1250 अंश सेल्सियस लागतात. रंग पिवळाधमक, पांढऱ्याकडे झुकलेला. टाकणखार वर उकळताना, थरथरताना दिसतो. थप्पी आणि भट्टीची भिंत एका रंगाची झाली, थप्पीची कड शोधावी लागू लागली की वरून ताव आला. आतून यायला आणखी तीन-चार मिनिटं लागतात, आणि या मिनिटांत थप्पी बाजू बदलून फिरवत राहायची. मी अजूनही इथे अधीर होतो. तेव्हा मामांचं वाक्य आठवतं: "वरनं पिवळं दिसतंय म्हनून काय झालं? आतनं तापू दे की."

उलट टोकही आहे. थप्पीतून फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळतंय. गाभ्यात कार्बन जास्त, म्हणून आधी तोच जळतो. कोकच्या भट्टीत ब्लोअर जोरात असेल तर हे पाहता पाहता होतं. वारा कमी करा आणि थप्पी निखाऱ्यांच्या मधोमध ठेवा, थेट वाऱ्याच्या तोंडाशी नको.

बाहेर काढताच दोन सेकंदांत पहिला ठोका. मधून सुरू करून टोकांकडे जा, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर ढकलला जाईल. ठोके हलके, पाठोपाठ आणि सपाट. टाळी वाजवायला जेवढा जोर लागतो त्याहून थोडा जास्त, एवढंच. जोराने मारलं की थर एकमेकांवरून सरकतात; माझ्या पहिल्या पात्याचं तेच झालं. कडांतून तापलेला टाकणखार पिचकारीसारखा उडतो, त्यामुळे चष्म्याशिवाय कोणालाही समोर उभं राहू देऊ नका.

रंग लालपर्यंत उतरला की थांबा. ब्रशने कीट झाडा, लाही भुरभुरवा, परत तोच ताव द्या. असे तीन ताव होईपर्यंत थप्पी कडेवर उभी करून मारू नका.

7. तपासणी

तिसऱ्या तावानंतर लगड, म्हणजे जोडलेली थप्पी, सावलीत धरून निवताना पाहा. जिथे जोड लागला नाही, तिथला वरचा थर आतल्या उष्णतेपासून तुटलेला असतो आणि लवकर निवतो. उजळ लगडीवर तेवढाच भाग काळसर सावलीसारखा दिसतो. आवाजही बदलतो: भरीव जागी ठणठणीत, सुटलेल्या जागी बद्द.

लगड गार झाल्यावर टाक्यांचं वेल्डिंग ग्राइंडरने काढा, दोन्ही टोकं अर्धा सेंटीमीटर कापा आणि कापलेला भाग 400 पर्यंत घासा. काळी रेघ दिसायला नको. दिसली तर आणखी कापा आणि पुन्हा पाहा. मधल्या भागात मोठी फट निघाली तर ती लगड सोडून द्या. माझ्या अनुभवात कीट भरलेली फट पुन्हा तावून क्वचितच मिटते.

8. ओढणं आणि आकार

लगड पिवळ्या तावावर ओढून 35 मिमी रुंद, 5 मिमी जाड पट्टी करा. सुमारे दहा इंच लांबी मिळते; सहा इंच पात्याला आणि चार इंच मुठीतल्या शेपटीला ती पुरते.

या जाडीला गाभा जेमतेम 1.4 मिमी उरलेला असतो आणि तो धारेच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूने जास्त ठोकलं की गाभा सरकतो आणि धारेवर मऊ लोखंड येतं. अशी सुरी टोमॅटोचं सालही कापत नाही. म्हणून ठोके मोजा: या बाजूने दहा, उलटून त्या बाजूने दहा. गाभा नक्की कुठे आहे ते पाहायला मी कापलेलं टोक फेरिक क्लोराइडमध्ये मिनिटभर बुडवतो. काळी पट्टी स्पष्ट दिसते.

धारेकडे दोन मिमी जाडी ठेवा. रंग मंद लाल झाला की ठोकू नका, थंड लगड थरांच्या रेषेवरच फाटते.

9. ताण उतरवणं

तीन वेळा तापवून हवेत निवू द्या. पहिल्यांदा 870 अंशांच्या आसपास, दुसऱ्यांदा त्याहून थोडं कमी, तिसऱ्यांदा चुंबक चिकटेनासं होतं त्याच्या जरा वर. जोडाच्या तावाने पोलादाचा कण मोठा झालेला असतो, तो यात बारीक होतो. हे गाळलं तर पातं पाणी देताना वाकतं किंवा पुढे ठिसूळ निघतं. शेवटी तापवून राखेत पुरून रात्रभर ठेवा. सकाळी कानस सहज लागते. आता दोन्ही बाजूंनी सारखं घासून उतार काढा आणि धार एक मिमी जाड राहू द्या.

10. पाणी देणं

शब्द 'पाणी देणं' असला तरी हे पातं तेलात बुडवा. पाण्यात ते इतक्या झपाट्याने निवतं की गाभा तडकण्याचा धोका मोठा. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल चालतं. 50-55 अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि पातं लवकर निववतं.

1084 ला सुमारे 815 अंश हवेत. लोखंड 770 च्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंगाची आणखी एक पायरी चढू द्या. हे संध्याकाळी करा, भर उन्हात रंग फसवतो. पातं टोकाकडून सरळ उभं तेलात घाला आणि पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं तर वाकतं. भडका उडाला तर डब्यावर झाकण ठेवा. प्लास्टिकची बादली नको, आणि जळत्या तेलावर पाणी तर मुळीच नको.

निवलं की धारेवर कानस फिरवा. काचेवर घसरावी तशी घसरली तर पाणी बसलं. त्याच दिवशी 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास भाजा. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासलेल्या पोलादावर गव्हाळ सोनेरी रंग यायला हवा. निळा आला तर धार मऊ पडली.

11. रेषा उजळणं आणि मूठ

यापुढे ग्राइंडर लावताना हातमोजे काढा आणि प्रत्येक हातानंतर पातं पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला तर धारेची वाट लागायला लागली.

800 पर्यंत घासून, साबणाने धुऊन पातं फेरिक क्लोराइडमध्ये ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळतं ते द्रावण. एक भाग त्याचा, तीन-चार भाग पाणी. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. हातमोजे इथे हवेतच. दहा मिनिटांनी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा. गाभा काळा, बाजू राखाडी, आणि त्यांच्या सीमेवर नदीकाठासारखी वळणावळणाची रेषा. जोडताना कार्बन गाभ्यातून लोखंडात थोडा झिरपलेला असतो, त्यामुळे सीमेलगत फिकट पट्टाही दिसतो. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका.

मुठीला शिसम, दोन पिना, इपॉक्सी. हे काम सुतारकाम जाणणाऱ्या कोणाकडूनही शिकता येईल. धार लावल्यावर खाद्यतेलाचा हात फिरवून ठेवा. हे पोलाद गंजतं. कैरी, लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात डाग पडतो.

12. थर वाढवायचे असतील तर

तीन थरांची दोन पाती रेघेशिवाय निघाली की मगच. 1084 आणि 15एन20 आलटून पालटून सात थर रचा, बाहेरचे दोन्ही 1084 चे. 15एन20 मध्ये सुमारे दोन टक्के निकेल असतं, ते काळं पडत नाही, म्हणून नक्षीत रुपेरी दिसतं. जोडून, ओढून, चार तुकडे करून पुन्हा रचलं की हिशोबात 28 थर होतात. डोळ्याला 25 दिसतात, कारण तुकड्यांच्या सांध्यावर 1084 ला 1084 भिडून एक होतं. पुढच्या फेरीत 97. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या मास्टर स्मिथ परीक्षेला किमान 300 थरांचं पातं लागतं. दर फेरीला लगडीचा बराच भाग कीट होऊन उडतो, म्हणून सुरुवातीची थप्पी मोठी घ्या. आणि दर फेरीला घासणं पहिल्यासारखंच, चौथ्या पायरीपासून.

माझं ते रेघ पडलेलं पातं लोहारमामांनी ठेवून घेतलं. भात्याशेजारी खिळ्याला टांगलंय. कोणी नवं पोर शिकायला आलं की ते काढून त्याच्या हातात देतात आणि रेघेवरून नख फिरवायला सांगतात.